तिसऱ्या वाफ्याची खूण

"यात काहीही नाही, बाई."

डॉक्टर दिनानाथ केतकरांनी काचेची प्लेट खिडकीच्या उजेडात तिरकी धरली, सरळ धरली, पुन्हा तिरकी धरली. "कोरी आहे. पुण्याला तीनदा कोरी निघाली, आता पेणलाही कोरी. काय म्हणायचं याला?"

"आज तिसरा दिवस हाय सर," डेबोरा म्हणाली. "नवव्या दिवशी बघा."

मागच्या बाकांवर बी.एस्सी.च्या पोरींत खसखस पिकली. डॉक्टरही हसले. "जंतूंना पंचांग कळतं का हो, बाई?"

"त्यांना नाय कळत. म्हणून तर आपल्याला कळाया पायजे."

हसू जागच्या जागी विरलं. डेबोरा रोहेकर या कॉलेजात सव्वीस वर्षं लॅब असिस्टंट होती. रोज सकाळी रोह्याहून पॅसेंजरनं यायची, पदर खोचून काचेच्या नळ्या धुवायची, मुलांसाठी जंतूंचं खाणं शिजवायची आणि संध्याकाळी त्याच गाडीनं परत जायची. साहेब लोकांना उलट उत्तर देताना तिला कुणी पाहिलं नव्हतं. पण आज गोष्ट निराळी होती. डॉक्टर केतकर पुण्याच्या मोठ्या संस्थेतले. धरमतरच्या मिठागरातून मिळालेला हा गुलाबी जंतू जगाला ठाऊक नसलेल्या जातीचा आहे की नाही, हे त्यांनी सांगायचं होतं. त्यांनी नाही म्हटलं की संध्याकाळच्या आत सगळ्या नळ्या वाफेच्या कुकरमध्ये जाणार होत्या. दोन वर्षं जपलेला जीव वीस मिनिटांत शिजून जाणार होता.

"सुरभी, तुमचीच फाइल वाचतो," डॉक्टर शेजारी उभ्या असलेल्या तरुण प्राध्यापिकेला म्हणाले. सुरभी त्यांच्याच हाताखाली पीएच.डी. करत होती. "इथे स्पष्ट लिहिलंय, 'सुट्टीनंतर निरीक्षण'. सुट्टी म्हणजे शनिवार-रविवार. आम्ही सोमवारी पाहिलं. काही नव्हतं. टाकून दिलं."

सुरभीनं डेबोराकडे पाहिलं. डेबोरानं कपाटातून आपली वही काढली. तेलकट पुठ्ठ्याची, कडा दुमडलेली. दोन वर्षांपूर्वीचं पान उघडलं. निळ्या शाईत तिच्या ठसठशीत अक्षरात एकच ओळ होती: 'अनशी ढाकली त्या दिवशी प्लेटा ठेवल्या. सण सुटल्यावर बघितल्या. गुलाबी ठिपके.'

"ही अनशी काय भानगड आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

आता चूक कुठं झाली ते डेबोराच्या ध्यानात आलं, आणि तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. वही लिहिताना तिला वाटलं होतं, हे काय सांगायचं! सण म्हणजे आठ दिवस, हे कुणाला ठाऊक नाही? पण ठाऊक असणारी माणसं राहिली होती कुठं? रोह्याच्या त्यांच्या आळीत एकेकाळी पंचवीस बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं होती. आता तीन. बाकीच्यांनी दारांना कुलपं लावली, शेजाऱ्यांच्या गळ्यात पडून रडून घेतलं आणि ती विमानानं इस्रायलला निघून गेली. सणाचे दिवस मोजायला मागे उरली डेबोरा आणि तिची म्हातारी आई सारा.

"सर, आमच्या घरी चुलीपाशी आंबट पाण्याचं मडकं असतंय वर्षभर. त्याला म्हणायचं अनशी. चैत्रात आमचा सण येतो, तेव्हा घरात आंबलेलं, फुगलेलं काही ठेवायचं नसतं. मडक्यावर झाकण घालायचं आणि आठ दिवस त्याच्याकडं बघायचं पण नाय. त्या साली मी प्लेटा भरल्या आणि सणाला रजेवर गेले. नवव्या दिवशी येऊन झाकण उघडलं, तर हा बसलेला. कोणी धावपळ केली नाय, कोणी उघडून बघितलं नाय, म्हणून आला. लाजाळू हाय तो."

"मीच 'सुट्टीनंतर' असं केलं त्याचं," सुरभी हळूच म्हणाली. "इंग्रजीत काय लिहावं सुचेना."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "बरं, नऊ दिवस. पण नऊ दिवसांत हवेतलं काहीही येऊन पडतं हो. आणि आलाच असेल, तर तो मिठागरातला नेहमीचा लाल जंतू. जगातल्या प्रत्येक मिठागरात आहे. त्याचं बारसं होऊन जमाना झाला. सुरभी, वेळ घालवू नका. दुसरा विषय देतो."

त्यांनी प्लेट टेबलावर ठेवली आणि कुकरकडे बोट केलं.

डेबोरा कुकरच्या आडवी उभी राहिली. ठरवून नाही. पाय आपोआप तिकडे गेले.

"सर, चहा यायला दहा मिनटं हायत. तेवढी द्या मला."

तिनं उत्तराची वाट पाहिली नाही. स्टँडमधून दोन नळ्या उचलल्या. एकीवर होती खूण 'ह-१', दुसरीवर 'ह-३'. काचेवर लिहायच्या लाल पेन्सिलीनं घातलेल्या. हे करताना तिच्या कानांत मात्र दुसरंच काही चालू होतं.

धरमतरच्या मिठागरावर ती आणि सुरभी पहिल्यांदा पाणी आणायला गेल्या होत्या तो दिवस. सुरभी मॅडम रस्त्याकडेच्या पहिल्याच वाफ्यात बाटली बुडवत होत्या. लांब दांड्याच्या लाकडी फळीनं मीठ ओढणारी एक काळीसावळी आगरीण तिथूनच ओरडली होती, "गो बाय, तिथलं पानी कनाला घेतं? त्यो नेहमीचा लाल. सगल्यांच्याच आगरान हाय. तिसऱ्या वाफ्यातला बघ, कोकमाच्या पान्यावानी. अवकाली पाऊस आला का बाकीच्यांचा रंग जातं. याचा नाय जात!"

ती हौसा. तिला बोलायला कुणी लागत नसे. कमरेत वाकून मीठ ओढता ओढता ती स्वतःशीच गात असायची, आणि तिचं गाणं उन्हात वाळत घातलेल्या लुगड्यासारखं वाऱ्यावर फडफडत राहायचं.

खाडीचं गो पानी । उन्हानं तापविलं
माज्या तिसऱ्या वाफ्यानं । कुकू गो लावलं
पाऊस आला मेला । तरी नाय पुसलं

कुकू पुसलं जाणं म्हणजे काय ते हौसाला ठाऊक होतं. तिचा नवरा वीस वर्षांपूर्वी खाडीत गेला होता.

डेबोरानं दोन स्वच्छ नळ्यांत साधं, बिनमिठाचं पाणी घेतलं. तारेच्या टोकानं ह-१ मधला लाल कण पहिल्या नळीत सोडला आणि ह-३ मधला गुलाबी कण दुसरीत. दोन्ही नळ्या हलवल्या आणि डॉक्टरांच्या नाकासमोर धरल्या.

पहिली नळी बघता बघता निवळली. आत पेजेसारखी चिकट तार तेवढी लोंबत राहिली. मिठात वाढलेल्या त्या जंतूची गोड्या पाण्यात फुटून दैना झाली होती.

दुसऱ्या नळीत गुलाबी ढग तसाच तरंगत होता.

"हा फुटला नाय सर," डेबोरा म्हणाली. "तुमचा नेहमीचा असता तर फुटला असता."

चहा आला. कपावर साय धरली. डॉक्टर नळीकडे बघत होते. त्यांनी ती स्वतः हलवली, उलटी केली, सरळ केली. मग भिंगाखाली ठेवून बराच वेळ डोळा लावून बसले. मान वर केली तेव्हा त्यांच्या आवाजातला मघाचा साहेब निघून गेला होता आणि कुणी विद्यार्थी येऊन बसला होता.

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"हौसानं. मीठ काढते ती."

"आणि हे 'ह'?"

"तिचंच. हौसाचा तिसरा वाफा."

डॉक्टर चार नळ्या कापसात गुंडाळून घेऊन गेले. निघताना दारात थांबून सुरभीला म्हणाले, "झाकण नवव्या दिवशीच उघडू."

*

दीड वर्ष गेलं. मधल्या काळात पुण्याहून कधी पत्र यायचं, कधी फोन. गुलाबी जीवाला काय खाऊ घातलं तर तो खातो, काय दिलं तर तोंड फिरवतो, किती ऊन सोसतो, किती मीठ मागतो, याचे तक्ते भरत गेले. शेवटी त्याच्या पोटातला वंशाचा धागाही उलगडून वाचला गेला. जगातल्या कुठल्याच नोंदलेल्या जातीशी तो जुळला नाही. चुलत भाऊ होते, सख्खं कुणी नव्हतं.

आणि मधल्या काळात तिसरा वाफाही गेला.

धरमतरच्या जेटीला लागून कुठल्याशा कंपनीला जागा हवी होती. एका उन्हाळ्यात डंपर आले, लाल मुरूम ओतत गेले. डेबोरा बातमी ऐकून धावत गेली तेव्हा पहिले दोन वाफे बुजले होते आणि तिसऱ्याच्या बांधावर हौसा फळी टेकून उभी होती.

"आता काय करशील गो?" डेबोरानं विचारलं.

"करतंय काय? पेनच्या बाजारान सुकी मासली इकीन." हौसानं डंपरकडे बघून पचकन थुंकलं. "मीठ गेला, पर माजी जीभ नाय गेली. त्या मुकादमाला इचार, काल किती आयकला त्यानं!" मग तिनं आवाज खाली आणला. "तुज्या त्या नलीतला जिता हाय ना?"

"हाय."

"मंग जपून ठेव. आता त्याला माहेर नाय."

*

डॉक्टर केतकर दुसऱ्यांदा पेणला आले ते दिवाळीनंतर. हातात टाइप केलेले वीस कागद होते आणि चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. सुरभीनं पेढे आणले होते.

"बाई, नवी जात! परदेशातल्या नियतकालिकात छापायला पाठवतोय. माझ्या गुरुजींचं नाव देतोय तिला, लॅटिनमध्ये. सुरभीचं नाव माझ्या नावाशेजारी. आणि आभारात तुम्ही आहात हं. हे बघा, 'तांत्रिक साहाय्य'."

डेबोरानं कागद घेतला. इंग्रजी ती अडखळत वाचायची, पण आकडे आणि खुणा तिला पाठ होत्या. बोट ओळीवरून सरकत गेलं आणि एका जागी थांबलं.

"सर, ही खूण कसली? पी-चारशे बारा?"

"आमच्या संस्थेचा क्रमांक. तुमच्या ह-३ नळीचाच. आता ती नळी आम्ही जंतूंच्या संग्रहात ठेवायला देणार. एक इथे, एक जर्मनीत. त्यासाठी ताज्या नळ्या मात्र तुमच्या लागतील. नऊ दिवस थांबायचं म्हणजे आमच्याकडे बुरशी शिरते हो. दोनदा शिरली. तुमचा हात काही निराळा आहे. आणि नवं पाणी आणावं, तर आता तो वाफाच नाही म्हणे."

"नाय."

"तेव्हा तुमच्या नळ्या म्हणजे सोनं. नाव काय, उद्या कोणी जास्त हुशार निघेल आणि बदलेल. असं पुष्कळदा होतं, एका कुळातून काढून दुसऱ्यात घालतात. पण या नळीवरचा क्रमांक कायमचा. शंभर वर्षांनी कुणाला वाटलं, आपल्याला सापडलेला जंतू हाच का, तर त्याला याच नळीशी ताडून पाहावं लागणार. मूळ पुरावा आहे तो."

डेबोरानं पेढा पुन्हा खोक्यात ठेवला.

"म्हंजे नाव बदलंल. खूण नाय बदलणार."

"अगदी बरोबर."

"मग नाव तुमच्या गुरुजींचं ठेवा सर. खूण माझी ठेवा. ह-३."

डॉक्टर हसले. मग तिचा चेहरा बघून हसायचे थांबले. "बाई, संस्थेची पद्धत असते. आमच्याकडे चारशे अकरा नळ्या आहेत, सगळ्यांना असाच क्रमांक. उगीच हट्ट कशाला? हवं तर तुमचं नाव आभारात वर घेतो."

"आभारातून काढलं तरी चालंल."

"बाई!" सुरभी पुढे आली. तिचा आवाज रडवेला झाला होता. "माझी पीएच.डी. आहे हो यावर. चार वर्षं झाली. कशाला अडवता? एक क्रमांक तर आहे."

या पोरीनं कॉलेजात पाऊल ठेवलं तेव्हापासून तिला भिंग पुसायला, तार तापवायला डेबोरानंच शिकवलं होतं. तिनं सुरभीच्या डोक्यावरून हात फिरवला. पण दुसऱ्या हातात कपाटाची किल्ली होती, आणि ती मूठ काही सैल झाली नाही.

"मॅडम, तुमची डिग्री माझ्या घरातलं कार्य हाय असं मी समजते. पण एक ऐका. सर, तुम्ही पण ऐका. माझं आडनाव काय?"

"रोहेकर."

"माझा भाऊ नथानियल वीस वर्षं झाली इस्रायलात हाय. तिथंच त्याची पोरं झाली, त्यांना मराठी येत नाय, रोहा कुठल्या दिशेला ते ठाऊक नाय. पण दारावर पाटी कोणती? रोहेकर. आमची झाडून सगळी माणसं अशीच. कोणी पेणकर, कोणी नवगावकर, कोणी चिंचोलकर. गाव सुटलं तरी गावाचं नाव अंगावर घेऊन गेली. ते पण पुसलं असतं, तर आम्ही कोण, कुठले, ते कुणी सांगितलं असतं?"

तिनं श्वास घेतला. इतकं सलग ती सत्तावीस वर्षांत या खोलीत बोलली नव्हती.

"हा जर्मनीला जाणार. जाऊ दे, चांगल्या घरी जातोय. पण त्याच्या मागं त्याचा वाफा बुजवला. तिथं आता ट्रक उभे ऱ्हातात. हा कुठला, ते सांगणारी एवढीच खूण हाय. एक अक्षर आणि एक आकडा. ते पुसून मी माझ्या हातानं नळी द्यायची? नाय देणार. प्रिन्सिपॉलना सांगा, लिहून मागा, नोकरीवरनं काढा. नळ्या मी दर महिन्याला नव्या करीत जाईन, झाकून ठेवीन. मी मरेन तोवर हा मरायचा नाय. पण पी-चारशे बारा म्हणून तो या दारातनं जाणार नाय."

बाहेर कुठल्याशा गणपतीच्या कारखान्यातून पुढच्या वर्षीच्या मूर्तींचा शाडू कुटल्याचे ठोके येत होते.

डॉक्टर केतकर उठून खिडकीशी गेले. ते रागावले आहेत हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. मग त्यांनी पाठमोऱ्यानंच विचारलं, "त्या दिवशी तुम्ही कुकरपुढे उभ्या राहिलात. मी ऐकलं नसतं तर काय केलं असतं?"

"एक नळी आधीच डब्यात घातली होती सर. पोळीच्या."

सुरभी रडता रडता फिसकन हसली. डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं. पी-चारशे बारावर एक आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, इंग्रजीत, एच-तीन. मग पुढची पानं उलटून जिथे जिथे ती खूण होती तिथे तिथे रेघ मारत गेले. सतरा जागा होत्या. डेबोरा शेजारी उभी राहून मोजत होती. अठरावी राहिली होती ती तिनंच दाखवली.

मग तिनं कपाटाचं कुलूप काढलं.

*

छापील पानं आली ती वर्षभरानं, नव्व्याण्णवच्या जानेवारीत, एका शुक्रवारी. सुरभी मॅडमनी एक प्रत डेबोराला दिली. आभारात तिचं नाव होतं. डेबोरा रोहेकर, एवढंच. तिनं ते एकदा वाचलं आणि पिशवी उचलली. शुक्रवारी शब्बाथचे, म्हणजे त्यांच्या आठवड्याच्या पवित्र दिवसाचे, दिवे लागायच्या आत तिला रोह्याला पोचायचं असे, पण आज ती स्टेशनकडे न वळता बाजारात शिरली.

हौसा मासळीच्या गल्लीत टोकाला बसायची. समोर खारवलेली मासळी, सुकट, बोंबलांचे जुडगे. एका गिऱ्हाइकाशी तिचं वाजलं होतं.

"वास येतं? मासलीला मासलीचा वास नाय येनार तं काय मोगऱ्याचा येल? चल, फूट!" मग डेबोरा दिसली. "ये गो, बस. आज कंची वाट चुकलीस?"

डेबोरा उकिडवी बसली. पिशवीतून पानं काढून तिनं हौसाच्या मांडीवर ठेवली.

"हे बघ. आपला जंतू. सगळ्या जगात गेला."

हौसानं पानं उलटीसुलटी केली. काळ्या ओळी, बारीक अक्षरं, एक धूसर चित्र. "यान मी कंची?"

डेबोरानं ओळ शोधली. "हे बघ. हे अक्षर म्हंजे तू. आणि हा तीन म्हंजे तिसरा वाफा."

हौसा वाकली. खारवलेल्या मासळीत दिवसभर भिजलेलं बोट तिनं त्या जागी टेकवलं आणि तसंच ठेवलं, जणू कुणाची नाडी बघतेय.

"मेल्यांनी मुरूम टाकला," ती म्हणाली. "यावर टाका म्हनावं."

डेबोराला तिच्या डोळ्यांत बघवेना. "पुसलं जायचं नाय म्हणे हे. शंभर वर्षं."

"पाऊस आला तरी?"

"तरी."

हौसा एकदम मोठ्यानं हसली. शेजारच्या कोळणी वळून बघायला लागल्या. "आयकला काय गो? माजा वाफा जर्मनीन हाय!" मग तिनं बोंबलांचा एक जुडगा ओढून डेबोराच्या पिशवीत कोंबला. "ने, आयला भाजून घाल. नाय म्हनू नको."

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. नागोठणं गेलं तेव्हा उन्हं कलली होती. दिवे लागायच्या आत ती घरी पोचणार होती. तिनं पानं पुन्हा काढली. हौसाचं बोट टेकलं होतं तिथं ओला ठसा वाळून गेला होता, आणि त्या अक्षराभोवती, त्या आकड्याभोवती मिठाचं पांढरं कडं धरलं होतं. तिरप्या उन्हात ते बारीक चमकत होतं.

डेबोरानं पान झटकलं नाही. पदरानं पुसलंही नाही. जपून घडी केली, ठसा आतल्या बाजूला येईल अशी, आणि पिशवी मांडीवर घेऊन बसली.